नाचणारे पाय आणि बोलणारे तोंड



व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो महागाई, बोनस किंवा एखादा नवा कायदा यांवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज मी नाचाविषयी बोलणार आहे. तोही लावणीविषयी किंवा कथकाविषयी नव्हे. आपली मुले ज्याला 'हिप-हॉप' म्हणतात त्या नाचाविषयी, आणि त्या नाचाच्या बळावर वर येऊन पुढे दूरचित्रवाणीचे सूत्रसंचालक झालेल्या माणसांविषयी. कारण असे, की आपल्याकडच्या पुष्कळ घरांत आज हा वादाचा विषय झाला आहे. मुलगा म्हणतो, मी नाचणार. बाप मोंढ्यात हमाली करतो, किंवा जिनिंगमध्ये कामाला जातो. तो म्हणतो, यात भाकरी आहे काय?

बापाचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मात्र त्याचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. नाच चांगला की वाईट, आपला की परका, याचा निवाडा मी कलापंडितांवर सोडतो. मी शाळेत थोडका शिकलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. कोणत्याही धंद्याकडे पाहण्याची माझी रीत ठरलेली आहे. हे काम कोण करतो? मजुरी कोण ठरवतो? शरीर किती वर्षे साथ देते? आणि शरीर थकल्यावर हातात काय उरते? हेच चार प्रश्न आपण या नाचाला विचारू.

प्रथम हा नाच आला कोठून ते पाहू. न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या भागाच्या मधोमध एक मोठा मोटाररस्ता काढण्यात आला आणि हजारो कुटुंबांची घरे गेली. त्याच काळात कारखाने शहराबाहेर निघून गेले. ज्यांना जमले ते लोक दुसरीकडे राहावयास गेले; काळे आणि पोर्तो रिकोहून आलेले गरीब लोक मागे राहिले. अशा त्या भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतीत, तळमजल्याच्या सभागृहात, एका मुलीने मेजवानी ठेवली. शाळेसाठी नवे कपडे घ्यावयास पैसे हवे होते, म्हणून मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट प्रवेशमूल्य ठेवले. तबकड्या वाजवण्याचे काम तिच्या भावाने केले. त्याचे नाव क्लाइव्ह कॅम्बेल. तो मूळचा जमैकाचा, वय 18 वर्षे. पुढे तो कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून जगात हाच दिवस मानतात.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाणे चालू असताना मध्येच गायन थांबते आणि नुसता ताल उरतो. नेमक्या त्या तुकड्याला मुले बेभान होऊन नाचतात. या तुकड्याला 'ब्रेक' म्हणत. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करावयाचा, तोवर पहिली मागे फिरवावयाची. अशा रीतीने काही क्षणांचा ताल त्याने मिनिटामिनिटांचा केला. त्या तालावर नाचणारी ती 'ब्रेक'ची मुले. पॉपिंग आणि लॉकिंग या दुसऱ्या रीती अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात निघाल्या. त्याही पुढे याच प्रवाहात मिसळल्या.

आता माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगतो. हर्कच्या त्या मेजवान्यांत तबकडी वाजवणारा होता, नाचणारा होता, आणि तिसरा एक माणूस ध्वनिक्षेपक घेऊन उभा असे. तो आलेल्यांची नावे पुकारी, यमके जुळवी, नाचणाऱ्यांना चढवी. त्याला 'एम. सी.' म्हणत, म्हणजे समारंभाचा सूत्रधार. पुढे यातूनच रॅप हा गायनप्रकार वाढला. म्हणजे नाचणारे पाय आणि बोलणारे तोंड ही जोडी हिप-हॉपच्या पाळण्यातच होती.

आणि आपल्याला तरी ही जोडी कोठे नवी आहे? तमाशात नाच्या असतो, तसा सोंगाड्या असतो. गोंधळात संबळ वाजत असतो, दिवटी पेटलेली असते, आणि मुख्य गोंधळी पाय थिरकवत असतानाच आख्यान लावतो. साथीदार त्याला आडवे प्रश्न विचारून कथा पुढे ढकलतो. परभणीचे गोंधळी राजाराम कदम यांचे नाव आपल्यापैकी जाणत्यांना सांगावयास नको. एकच माणूस नाचतो, गातो, बोलतो, हसवतो आणि रात्र राखतो, ही या मातीतली ओळखीची गोष्ट आहे. तेव्हा मुलगा हे परक्या देशाचे काहीतरी घेऊन आला म्हणून एकदम दचकू नये.

हा नाच मुंबईत पोचला तो 1980 नंतरच्या दशकात. 'फ्लॅशडान्स' हा अमेरिकन चित्रपट 1983 चा. त्यात ब्राँक्सच्या नाचणाऱ्यांची एक टोळी क्षणभर दिसते. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनची मागे सरकणारी चाल जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. चित्रफितीची यंत्रे घरोघर येऊ लागली होती. मुले फीत मागे फिरवून फिरवून पाहत आणि गच्चीवर जाऊन करून बघत. याच मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. संपामुळे नाच आला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद होईल. परंतु ब्राँक्समध्ये आणि परळमध्ये एक गोष्ट सारखी घडली. बापाचे काम मुलाला मिळणार नाही, हे मुलाला लहानपणीच कळून चुकले. मग ज्याच्याजवळ दुसरे भांडवल नाही तो आपले शरीर हेच भांडवल करतो. हमालही तेच करतो.

या पार्श्वभूमीवर एका कारकीर्दीकडे पाहू. जावेद जाफरी यांचा जन्म 1963 सालचा. वडील जगदीप हे प्रसिद्ध विनोदी नट. 'शोले'तील सूरमा भोपाली म्हणून सर्वांना ठाऊक. तेव्हा जावेद गरिबाघरचे होते असे नव्हे. चित्रपटसृष्टीचे दार त्यांना अपरिचित नव्हते. 1985 साली सुभाष घई यांच्या 'मेरी जंग' या चित्रपटात ते खलनायकी ढंगाच्या भूमिकेत आले, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा नाच. हिंदी पडद्यावर अशी सांधे नसल्यासारखी हालचाल तोवर फारशी कोणी पाहिली नव्हती. सर्वसाधारण हिशेबाने त्यांनी नायक व्हावयाचे. पण चित्रपटाचा नायक होण्याचा मार्ग त्यांच्यासाठी मोकळा झाला नाही.

मग 1996 साल उजाडले. खाजगी वाहिन्या नव्याने सुरू झाल्या होत्या आणि त्यांना कमी खर्चात तासन्‌तास भरून काढणारे कार्यक्रम हवे होते. सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' ही नृत्यस्पर्धा सुरू झाली. जावेद, त्यांचे बंधू नावेद आणि मित्र रवी बहल या तिघांनी ती चालवली. परीक्षक तेच, सूत्रसंचालकही तेच, आणि स्पर्धक चुकला तर त्याच्याबरोबर मंचावर उतरून नाचणारेही तेच. अधूनमधून खंड पडत हा कार्यक्रम 2014 पर्यंत चालला. नृत्यस्पर्धेची ही चाल आपल्या देशात त्यानेच रुळवली. गल्लीतल्या पोराला, मध्यमवयीन गृहिणीला, लहान मुलाला त्याने मंच दिला. मायकेल जॅक्सन 1 नोव्हेंबर 1996 रोजी मुंबईत अंधेरीला नाचून गेला तेही हेच वर्ष. म्हणजे हवा तापलेलीच होती.

या कारकीर्दीत पुढे काय घडले ते क्रमाने पाहा. 1998 च्या 'बॉम्बे बॉइज' या चित्रपटासाठी जावेद यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या बोलीत रॅप गायिले. मुंबईत रॅपची लाट येण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट. पुढे 'ताकेशीज कॅसल' या जपानी खेळाच्या कार्यक्रमाला त्यांनी हिंदी निवेदन दिले. त्या कार्यक्रमात ते दिसतच नाहीत. पडद्यावर जपानी माणसे चिखलात घसरून पडत आहेत आणि आवाज मात्र जावेद यांचा. मुले जपानी खेळासाठी बसत की त्या आवाजासाठी, हे सांगणे कठीण. पायांनी नाव मिळवलेल्या माणसाला पाय न हलवता काम मिळू लागले. माझ्या मते या कारकीर्दीचा सारा अर्थ या एका गोष्टीत आहे.

असे का होते? याचे उत्तर कलेत नसून कामाच्या स्वरूपात आहे. नाचणाऱ्याचे श्रम साठवून ठेवता येत नाहीत. गुडघा, घोटा, कंबर आणि मान यांवर हा नाच जो भार टाकतो तो विशीत सोसतो. तिशीत शरीर हिशेब मागू लागते. शिवाय स्पर्धेत दर वर्षी नवी मुले येतात, अधिक उंच उड्या मारतात, आणि जुन्याची जागा घेतात. नाचणारे बदलता येतात. परंतु कार्यक्रम चालवणारा माणूस प्रेक्षकाच्या घरातला होऊन बसतो. स्पर्धक रडला तर त्याला सावरावयाचे, परीक्षकाची थट्टा करावयाची, जाहिरातीपूर्वी उत्सुकता ताणून धरावयाची, एखादा घोटाळा झाला तर तो हसण्यावारी न्यावयाचा. ही कामे करणारा वयाने मुरतो तसा अधिक उपयोगी ठरतो. त्याला बदलणे वाहिनीला महाग पडते. ज्याला बदलणे महाग, त्याची मजुरी टिकते. हा नियम मोंढ्यात जसा खरा, तसाच मंचावर.

दुसरे उदाहरण अलीकडचे. राघव जुयाल हा देहरादूनचा मुलगा, जन्म 1991 चा. एखादी चित्रफीत संथ गतीने चालवावी तसा तो नाचे. झी वाहिनीच्या 'डान्स इंडिया डान्स'च्या तिसऱ्या पर्वात त्याची प्रथम निवड झाली नाही. पण त्याचा नाच लोकांनी इतका उचलून धरला की त्याला परत बोलावण्यात आले, आणि 2012 साली तो अंतिम फेरीत पोचला. येथवरची कथा नाचणाऱ्याची. 2015 साली 'डान्स प्लस' हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो सूत्रसंचालक होता. हजरजबाबीपणाने त्याने ती जागा धरून ठेवली. 2024 साली प्रदर्शित झालेल्या 'किल' या चित्रपटात तो खलनायक म्हणून आला आणि नट म्हणून गाजला. जावेद यांना पडद्याकडून ध्वनिक्षेपकाकडे यावे लागले. राघव ध्वनिक्षेपकाकडून पडद्याकडे गेला. दिशा उलटी, पण दोघांनाही पुलासारखे उपयोगी पडले ते तोंडच.

इथे कोणी म्हणेल, ही दोन नशीबवान माणसे झाली, बाकीच्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वसई-विरार-नालासोपारा भागातील मुलांचा एक संच सुरेश मुकुंद यांच्या नेतृत्वाखाली 2011 साली 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकला. 2015 साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झालेल्या जागतिक हिप-हॉप स्पर्धेत 'किंग्ज युनायटेड' या संचाने तिसरा क्रमांक मिळवला. त्यांच्या धडपडीवर त्याच वर्षी 'एबीसीडी 2' हा चित्रपट निघाला. 2019 साली 'वर्ल्ड ऑफ डान्स' या अमेरिकन स्पर्धेत हाच संच 'द किंग्ज' या नावाने पहिला आला. अंतिम फेरीत 100 पैकी 100 गुण आणि बक्षीस 10 लाख डॉलर. ज्या उपनगरांतून माणसे पहाटेच्या लोकलला लोंबकळत कामाला जातात, तेथील मुलांनी हे केले. याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

मुंबईच्या वस्त्यांतील 'व्ही अनबीटेबल' हा दुसरा संच 2019 साली 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये चौथा आला आणि 2020 साली त्याच स्पर्धेच्या विजेत्यांच्या पर्वात पहिला. त्यांच्या नावातील 'व्ही' हे अक्षर त्यांच्या एका साथीदाराच्या नावाचे आद्याक्षर आहे. सरावात कसरत करताना तो पडला, मानेखालचे शरीर लुळे झाले, आणि काही आठवड्यांत तो गेला. ही गोष्ट त्यांनी तेथील मंचावर साऱ्या जगासमोर सांगितली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, पण कामगार कार्यकर्त्याला त्यानंतर एक प्रश्न पडतो. कारखान्यात माणूस असा पडला असता तर 1923 सालापासून या देशात भरपाईचा कायदा आहे. येथे भरपाई कोणाकडे मागावयाची? मुले आपल्या आपण सराव करीत असतात. तेथे वाहिनी नसते, निर्माता नसतो, मालकच नसतो. बक्षीस मिळाले की सगळे जग धावून येते. मान मोडली तर दारात आई एकटी. धोका संपूर्ण नाचणाऱ्याचा आणि नफा पुष्कळांचा, असा हा धंदा आहे.

यश मिळाले म्हणजे प्रश्न सुटला, असेही समजू नये. भगवानदादा पालव हे आपल्याच मराठी मुलखाचे. 1913 साली अमरावतीला जन्म, वडील गिरणी कामगार, मुंबईत कष्टात वाढले. त्यांनी स्वतः काढलेला 'अलबेला' 1951 साली असा चालला की साऱ्या देशाने त्यांची ती हातापायांची सोपी लय उचलली. पुढे मोठमोठ्या नटांनी ती चाल केली, आणि लग्नाच्या वरातीत ती आजही दिसते. जुहूचा बंगला झाला, मोटारी झाल्या. नंतरचे चित्रपट पडले आणि सारे गेले. अखेर दादरच्या चाळीत राहून मिळतील ती किरकोळ कामे करीत 2002 साली त्यांनी देह ठेवला. ज्याच्या पायांवर देश नाचला त्याला उतारवयात त्या पायांचा एक पैसा येत नव्हता. नाचाच्या ठेक्याला मालकीहक्क नाही, निवृत्तिवेतन नाही.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे, संघटनेचा. चित्रपट कामगारांच्या निरनिराळ्या संघटनांचा महासंघ मुंबईत 1956 पासून आहे, आणि नायक-नायिकेच्या मागे रांगेत नाचणाऱ्यांचीही संघटना त्यात आहे. संसदेने 1981 साली चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा केला. परंतु तो कथापटांपुरता होता, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा त्याच्या बाहेर राहिल्या. 2020 साली कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्याविषयी जी संहिता संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली, तिच्यात 'दृक्‌श्राव्य कामगार' अशी व्याख्या आहे. त्या व्याख्येत नट, वादक, गायक, निवेदक, वृत्तनिवेदक आणि नर्तक ही नावे एकाच ओळीत लिहिली आहेत, आणि अशा कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर घेऊ नये असे म्हटले आहे. नव्या संहितांतील पुष्कळ तरतुदींवर आम्हा कामगार संघटनांचे कडक आक्षेप आहेत, आणि ते आम्ही सोडलेले नाहीत. तरीही या एका ओळीचे मोल मी कमी मानत नाही. कायद्याने नाचणाऱ्याला कामगार म्हटले. निदान नाव तरी मिळाले.

नाव मिळाल्याने काय होते, हे आपल्या हमालांना विचारा. 1969 सालचा माथाडी कायदा होण्यापूर्वी हमाल हा कोणाचाच नोकर नव्हता. व्यापारी म्हणे माझा नाही, अडत्या म्हणे माझा नाही. आज या दुकानी, उद्या त्या दुकानी, अशा माणसाला भविष्यनिर्वाह निधी कसला, असे शहाणेसुरते लोक विचारीत. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी लढून ते करून दाखवले. मंडळ झाले, मजुरी मंडळात जमा होऊ लागली, तीवर आकार बसला आणि त्यातून सवलती आल्या. नाचणाराही आज या वाहिनीचा, उद्या त्या लग्नाचा, परवा गणपतीच्या मंडळाचा. जे पाठीवर पोते वाहणाऱ्याला शक्य झाले ते पायावर ताल तोलणाऱ्याला अशक्य आहे, असे मला वाटत नाही. अंमलबजावणी मात्र आपोआप होत नाही. कागदावरचा कायदा हा पेटीतल्या संबळासारखा आहे. कोणीतरी वाजवावा लागतो.

म्हणून ज्यांची मुले या वाटेला निघाली आहेत त्या आईबापांना माझे चार शब्द आहेत. मुलाला मारून अडवू नका. ज्या गोष्टीत त्याचे शरीर रमते तीत तो कष्टाला कंटाळत नाही, आणि कष्टाची सवय पुढे कोठेही उपयोगी पडते. पण वर्ग निवडताना भिंतीवरचे चषक मोजू नका. जमीन कशी आहे, उलट्या उड्या शिकवताना गादी घालतात की नाही, मूल पडले तर जबाबदारी कोणाची, हे विचारा. कार्यक्रम लहान असो की मोठा, ठरलेली रक्कम कागदावर घ्या. संचात नाचत असेल तर बक्षिसाचा काही भाग दुखापतीसाठी बाजूला काढण्याचा ठराव मुलांनी पहिल्याच दिवशी करावा. पैसा आल्यावर असे ठराव होत नाहीत.

आणि शेवटचे म्हणजे, त्याला बोलावयास शिकवा. शाळेच्या संमेलनात, गणेशोत्सवात, जयंतीच्या कार्यक्रमात त्याला चार वाक्ये धीटपणे बोलण्याची सवय लागू द्या. वाचनाची गोडी लागू द्या. आपल्या बोलीची लाज वाटू देऊ नका. जावेद जाफरी यांचे रॅप गाजले ते मुंबईच्या गल्लीतल्या भाषेमुळेच. पाय थकण्याचा दिवस प्रत्येकाला येतो. त्या दिवशी तोंडाला शब्द हवेत. आणि ज्याला बोलता येते तो केवळ सूत्रसंचालक होतो असे नाही. आपली मजुरी किती, ती कधी मिळणार आणि कोण देणार, हेही तो विचारू शकतो. नाचणाऱ्यांच्या रांगेतून एकाने पुढे येऊन एवढे तीन प्रश्न विचारले, की त्या धंद्यात माणुसकीला सुरुवात झाली असे समजावे.